पेवातली तेरा रिळं

सगळ्यात आधी आली ती शेजारची शकुबाई. डोक्यावर पाटी, आणि पाटीत काहीच नाही. बाई सकाळी सकाळी रिकामी पाटी घेऊन दुसऱ्याच्या दारात आली की समजावं, बातमी घेऊन आली. "गोजराक्का, पोलीस येऊन राहिले. तुमच्याच घराकडं. म्होरं उत्तमराव हाय," एवढं म्हणाली आणि चुलीपाशी अशी बसली, जशी काही पहाटेपासून माझ्याच घरी काम करते आहे. तिच्या मागून उत्तमराव आला, माझ्या दिराचा पोरगा, गावचा पोलीस पाटील. त्याच्या मागून दोन शिपाई. शेवटी तालुक्याचा नवा अमीन, बूट दाराबाहेर काढून. बूट बाहेर काढणारा पोलीस मी जन्मात पहिल्यांदा बघितला.

पण हा कागद मृत्युपत्राचा आहे, गप्पांचा नाही. हिंगोलीच्या कचेरीबाहेर बसणारे हरिचंद मुनशी मागं एकदा म्हणाले होते, की बाई, आधी आपण कोण ते लिहावं, मग रडगाणं. तर लिहिते.

लिहून देणार गोजरबाई भ्रतार मयत ग्यानबा, वय अदमासे सत्तर, पेशा काश्तकारी, राहणार पुसेगाव. माझी अक्कल जागेवर आहे, जेवढी होती तेवढी. नशापाणी केलेलं नाही. आज श्रावणातला सोमवार आणि वर एकादशी, पोटात घोटभर दूध आहे. हे लिहिण्यासाठी कुणी धाक घातलेला नाही. धाक आहे तो उद्याचा. उद्या मंगळवारी, भर दुपारी, मी माझ्या अंगणातल्या पेवात, जमिनीखालच्या त्या धान्याच्या खोल खड्ड्यात, उतरणार आहे, आणि दिव्याशिवाय उतरणार आहे. वर आले तर नीलाबाईनं हा कागद चुलीत घालावा. नाही आले तर खाली लिहिल्याप्रमाणे वागावं.

कलम पहिलं. घर आणि ओढ्याकाठची सात एकर काळी माझी एकुलती एक लेक नीलाबाई, दिली हट्ट्याला, हिला द्यावी. नीला, हा कागद शकुबाईचा भाऊ आजच तुझ्याकडं घेऊन येईल. त्याला जेवू घाल. या घरात कागद ठेवायची आता सोय नाही. घराच्या मागच्या भिंतीला पावसात ओल येते, आधी तिकडं बघ.

कलम दुसरं, भुजंगाचं. तो नीलाचा पोरगा, माझा नातू, आणि या सगळ्याचं कारण. सातव्या वर्षी शाळेसाठी माझ्याकडं आला तो राहिलाच. मग वाशीमला शास्त्रीबुवांकडं संस्कृत शिकायला गेला आणि परत आला तो डोक्यात नाटकं घेऊन. हजार-हजार वर्षांमागची, राजांची, ऋषींची, विदूषकांची. ती त्यानं आपल्या बोलीत उतरवली आणि आमच्या खळ्यावर उभी केली. नियम असा, की ज्याला आपलं भाषण औत हाकता हाकता बैलांना न अडखळता म्हणून दाखवता येईल, त्यालाच तोंडाला रंग लागेल. पुसेगावचे बैल संस्कृत ऐकल्याशिवाय वळत नाहीत, असं कनेरगाव नाक्यावरचे लोक हसतात. हसू द्या.

मला अक्षर आलं ते त्याच्यामुळं. आडोशाला पुस्तक धरून विसरलेल्याला शब्द सांगायला माणूस पाहिजे होतं, आणि सगळ्या तालमींना न जांभई देता बसणारी मीच. पन्नाशी उलटल्यावर त्यानं मला वही धरून वाचायला शिकवलं. म्हणून मला अजून भुजंगाचं हस्ताक्षर धडाधड येतं, छापील वाचायला तकलीफ होते. तर ती वही, तेलाचे डाग पडलेली, कडा कुरतडलेली, भुजंगाला द्यावी. आणि त्याचं ते हातानं फिरवायचं सिनेमाचं यंत्रही त्यालाच. ते पुण्याहून आणलं तेव्हा माझ्या पाटल्या त्यात गेल्या. नीला तेव्हा भांडली. मला काही वाईट वाटलं नाही गं. तो दांडा फिरवतो तेव्हा माझ्या पाटल्याच किणकिणतात, असं मला ऐकू येतं.

उत्तमरावाचं इथंच लिहिते, नाही तर राहून जाईल. दहा वर्षांमागं पहिल्या मोठ्या खेळात तो राजा होता. दिसायला राजाच, त्यात काही बोलायला जागा नाही. शेवटी राजानं टाकून दिलेल्या बायकोच्या पायावर डोकं ठेवायचं होतं. आणि बायको कोण, तर तांड्यावरची मिराबाई. त्या काळात बाप्यांनीच लुगडी नेसायची. पण भुजंग म्हणाला, रानातली बाई पाहिजे तर रानातलीच आणू. तालमीत उत्तमराव नुसता वाकायचा, म्हणायचा, खेळाच्या दिवशी करीन. खेळाच्या दिवशी काठीसारखा उभा. मला वाटलं विसरला. मी आडोशातून सांगितलं, "पडा राजे, पडा." तो हलेना. मी जरा मोठ्यानं सांगितलं. मग आणखी मोठ्यानं. मग पुढं बसलेली पोरं ओरडली, मग सारं खळं: "पडा राजे, पडा!" तो मुकुट फेकून निघून गेला. त्या दिवसापासून गावात त्याला पाठीमागं पडाराजे म्हणतात.

उत्तमा, तू विसरला नव्हतास, हे मला उशिरा कळलं. ओरडले ती चूक माझी, भुजंगाची नाही. तिची माफी मी या कागदात मागते, हात जोडून. मुकुट तुलाच ठेवला आहे. पण आज तू जे केलंस त्याची माफी तुला तूच माग.

आज काय केलं, ते आता सरळ सांगते.

अमीनानं ताक मागून घेतलं, दोनदा. मग म्हणाला, "बुढीमां, डरो नको. हमको वो फिल्म की पट्ट्याँ होना, बस."

मी म्हणाले, "घर उघडं हाय, सायब. बघा."

शिपायांनी बघितलं. यंत्र सापडलं, पडदे सापडले, मुकुट सापडला. एकानं तो डोक्यावर ठेवला, तेव्हा उत्तमरावानं तोंड भिंतीकडं केलं. फिल्म काही सापडली नाही.

"पोट्टा किधर है?"

"वाशीमला."

"क्या करता?"

"नाटकं बसवतो. दुसरं त्याला काई येत न्हाई."

अमीन हसला. म्हणाला, "नाटक का शौक मेरे कू भी है. ये खेल भी देखना है मेरे कू. अव्वल से आखर तक. एक-एक चेहरा."

खरं सांगते, कुणी माझ्या नातवाचा खेळ बघायला मागितला की माझा जीव सुपाएवढा होतो. क्षणभर तसंच झालं. मी म्हणणारच होते, बसा, आणखी ताक आणते. मग 'एक-एक चेहरा' कानात शिरलं आणि मी ताकाचा तांब्या झाकून ठेवला.

ते असं आहे. भुजंगाचं सिनेमा घेणं सहा वर्षं चाललं होतं. कंपनी नाही, मालक नाही. यंत्र फिरवणारा तो, आरसे धरून ऊन वळवणाऱ्या तांड्यावरच्या बाया, आणि वही धरणारी मी. जगाच्या मोठ्या लढाईमुळं फिल्म मिळायची नाही. मिळाली की खेळ, नाही तर पेरणी. म्हणून त्यात मिराबाई एका दारातून आत जाते तेव्हा तरणीताठी आहे आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर येते तेव्हा केसांत पांढरं आहे. मी म्हटलं, अरे हे काय. तर म्हणतो, "आज्जी, ऱ्हाऊ दे. वाट बघून म्हातारी झाली." सिनेमा मुका आहे, चादरीच्या बाजूला उभा राहून भुजंग सगळ्यांचं बोलणं एकटा बोलतो. या खेपेला राजा तांड्यावरचा थावरा आहे. तो मिराबाईच्या पायावर पडला, आणि भुजंगाचं समाधान होईपर्यंत सोळा वेळा पडला. आणि तिथं सारा गाव ओढ्याकाठी उभा दाखवला आहे. एकेकाचं तोंड, जवळून, सावकाश. मी पण आहे. मला दात नाहीत आणि मी हसते आहे.

त्या तोंडांतली पाच तोंडं यंदा सरकारी हद्दीचा नाका ओलांडून वाशीमकडं गेली आहेत, इथल्या सरकारशी लढायला. अमीनाकडं त्यांची नावं आहेत, तोंडं नाहीत. नावं माणूस बदलू शकतो. ती पाच पोरं कधीमधी घरी येऊन आईच्या हातची भाकरी खाऊन जातात, ती या एका गोष्टीच्या जोरावर. त्यांची नावं मी इथं लिहीत नाही.

झडती संपली. अमीन बुटात पाय घालणार, तेवढ्यात उत्तमराव म्हणाला, "काकू, पेव राहिलं."

"पेवात ज्वारी हाय, उत्तमा. पावसाळ्यात पेव उघडतेत का?"

"तेच म्हंतो मी. शिमग्याला भरलेलं पेव. मंग तोंडावरच्या मातीचा लेप जेठातला काहून दिसून राहिला?"

शेतकऱ्याचा पोरगा आहे. मातीचं वय ओळखणारच.

दगडोबाला बोलावलं. गावात पेव उघडायचं, उतरायचं काम त्याच्या घराण्याचं. आणि आमच्या नाटकांत विदूषकही तोच, तोंड उघडायच्या आधी लोक हसायचे. आज कुणी हसलं नाही. तो म्हणाला, एकादशीला पेवाला हात लावत नाहीत, आणि उघडलं तरी दिवसभर श्वास घेऊ द्यावा लागतो. अमीन देवाधर्माचं ऐकणारा माणूस. "ठीक. फिर आके खोलेंगे. तू उतरेगा. बत्ती मैं लाता, बडी वाली." आणि गेले. परत येण्याचा वार सांगून गेले.

आता वाचणाऱ्याला कळलंच असेल, रिळं पेवात आहेत. जेठात वाशीमला जाताना भुजंगानंच ठेवली. फिल्मला गारवा लागतो, आणि पेवाइतकं गार आमच्या गावात दुसरं काही नाही. डबे लढाईत मिळाले नाहीत म्हणून तेराच्या तेरा रिळं धोतराच्या फडक्यांत गुंडाळून ज्वारीवर ठेवली. गाठी मी मारल्या. ही फिल्म म्हणजे दारूगोळा आहे, हे त्यानंच मला एकदा दाखवलं होतं. बोटभर तुकडा पेटवून पाण्याच्या तांब्यात टाकला, तर तो पाण्यात जळत राहिला. मी आठ दिवस त्या तांब्यातून पाणी प्यायले नाही.

आणि एवढं ठाऊक असून हा शहाणा काय करतो? गावात एकच जागा अशी, जिथं माणसाच्या आधी दिवा उतरतो. पेव उघडलं की दोरीला बांधून पेटता दिवा खाली सोडायचा. विझला तर खाली विषारी हवा, कुणी उतरायचं नाही. जळत राहिला तर उतरायचं. लहान लेकराला माहीत आहे हे. ज्या हवेत दिवा विझतो, तिथं रिळं वाचतात आणि उतरलेला माणूस मरतो. जळत्या दिव्यानं हवा चांगली ठरते, दगडोबा उतरतो, आणि त्या चिंध्यांत, त्या भुशात बत्ती टेकली की दगडोबा, रिळं, सगळं एका भडक्यात. संस्कृत शिकला माझा नातू, पण पेव विसरला. मी पण विसरले. गाठी मारताना मी पण तिथंच होते. आम्हाला वाटलं, पावसाळ्यात पेव कोण उघडतं!

पाहुणे गेल्यावर मी दगडोबाला आत घेतलं आणि सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणाच्या जिवावर माझा नातू मोठा व्हायला नको.

विचारलं, "दिव्याबिगर उतरशील का?"

"न्हाई."

"माझ्यासाठी?"

"माय, तुमच्यासाठी विस्तवात उतरीन. अंधारात न्हाई."

"विस्तवच हाय रे बाबा तिथं."

तो हसला नाही. त्याचा बाप पेवात गेला, दिवा न सोडता उतरला होता. तेव्हापासून दगडोबा दिव्याशिवाय पेवाच्या काठाशी वाकत नाही. त्याला मी नावं ठेवत नाही, कुणी ठेवू नयेत.

म्हणून मी उतरणार. अंगानं मी चिपाड, पेवाचं तोंड अरुंद. गाठी माझ्या, त्या मला अंधारात हातानं कळतील. दगडोबा दोर धरील. उद्या सगळे रानात असतील तेव्हा शिळा सरकवायची. दिवसभर उघडं ठेवता येत नाही, कारण उघड्या पेवाचा आंबूस वास वेशीपर्यंत जातो, आणि उत्तमरावाला नाक आहे. फार तर दोन तास. दिव्याच्या जागी शकुबाईची कोंबडी टोपलीत घालून सोडायची. शकुबाई म्हणाली, "माझी अंड्यावरची हाय गं अक्का." मी म्हटलं, "मी पण काई बिनकामाची न्हाई." मग दिली. कोंबडी वर येऊन ओरडली की मी. दोन तासांत हवा किती सुधारते, ते दगडोबालाही सांगता येत नाही. कोंबडीपुरती असली, म्हणजे बाईपुरती असेलच असं नाही.

रिळं वर आली की ती कुणी न्यायची ते ठरलं आहे. नाव लिहीत नाही. त्याच्या बापजाद्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य लादून हा मुलूख पालथा घातला, त्याला नाक्याचा रस्ता लागत नाही. आठ दिवसांमागं भुजंगाची चिठ्ठी आली आहे, की दसऱ्याला वाशीमला तंबूत हा खेळ लागणार. कनातीचा तंबू, बाकं! मी ती चिठ्ठी रोज वाचते. माझा भुजंग मोठ्या लोकांपुढं उभा राहून राजाचं बोलतो आहे, मिराबाईचं बोलतो आहे, आणि मी चादरीवर बोळक्या तोंडानं हसते आहे, हे मनात आणलं की भीती कुठल्या कुठं जाते. मग पेवाची शिळा दिसते आणि परत येते.

कलम कितवं ते विसरले. मिराबाईला नाटकातले सगळे पडदे. मधला लाल पडदा म्हणजे माझा लग्नातला शालू आहे, तो तिनं फाडून लेकींना वाटावा, जपून ठेवू नये. दगडोबाला माझी म्हैस. शकुबाई या कागदावर साक्षीला आहे म्हणून तिला काही देता येत नाही, असं मुनशींनी सांगितलं होतं. म्हणून तिला आजच माझं जातं देऊन टाकलं.

आता शेवटचं कलम, आणि हे सगळ्यांत जड. हे शकुबाईला आणि दगडोबाला मी तोंडानं सांगितलंच आहे. लिहिते ते एवढ्यासाठी, की मागून कुणी त्यांच्यावर आळ घेऊ नये. जे होईल ते माझ्या हुकमानं.

दोर ओढल्यावर मी हललेच नाही, हाक दिली नाही, तर माझ्यामागं कुणी उतरायचं नाही. दगडोबा तर नाहीच. दोर बांधलेला असेल, त्यानं मला ओढून काढता आलं तर काढावं; अडकले तर राहू द्यावं. पेव उघडं ठेवून हवा खेळू द्यावी, नाही तर चिंधी आत विझेल. आणि पाहुणे परत यायच्या आत, सगळ्यांना अंगणाबाहेर काढून, लांबून एक पेटती चिंधी आत टाकावी. ज्वारी जाईल, दोन वर्षांचं खाणं जाईल. नीला, त्याचं दुःख करू नको. पाच घरांची पोरं वाचतील. दगडोबा वाचेल. मला वेगळं सरण रचू नये. तेरा रिळं माझ्यासोबत असतील, त्यातल्या शेवटच्यात सारा गाव आहे. इतकी माणसं कुणाच्या मयतीला जमली आहेत?

भुजंगा, तसं झालं तर तुझा खेळ गेला. सहा वर्षं गेली. मला माहीत आहे मी काय लिहिते आहे. लिहिताना बोरू दोनदा खाली ठेवला. पण तुझं यंत्र आहे, वही आहे, मिराबाई आहे. पुन्हा कर. कुणाचंही तोंड जवळून घेताना आधी त्याला विचार, हे तोंड उद्या कोण बघेल. आणि शब्द सांगायला नवीन माणूस ठेवशील, तर हळू बोलणारं ठेव.

हे मी स्वतःच्या हातानं लिहिलं आहे. अक्षर भुजंगाच्या वळणाचं आहे, म्हणून कुणी खोटं म्हणू नये. मला दुसरं वळण येत नाही.

सही: गोजरबाई

साक्षीदार:
१. शकुबाई, राहणार पुसेगाव, शेजारीण. डाव्या अंगठ्याची निशाणी.
२. पार्वतीबाई, राहणार पुसेगाव, महादेवाच्या देवळातली गुरवीण. डाव्या अंगठ्याची निशाणी. सही होताना बघितली. आत काय आहे ते तिनं विचारलं नाही, फक्त अंगारा लावून गेली.

मुक्काम पुसेगाव. श्रावण वद्य एकादशी, सोमवार, सन १३५७ फसली; इंग्रजी तारीख ३० ऑगस्ट १९४८.

अमीन आणि उत्तमराव बेस्तरवारी, पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांच्या खांदमळणीला सकाळीच परत येतो म्हणून सांगून गेले आहेत.